नवा कन्सोल कधी येणार, केवढ्याला येणार? आणि तोवर थांबायचं का?

घोडबंदरकर | डिसेंबर २०२५, शुक्रवार, रात्री १०:१२

मंडळी, सल्ला हवाय. चिरंजीव यंदा दहावीला. जूनमध्ये एका बेसावध क्षणी मी कबूल करून बसलो की बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की प्लेस्टेशन घेऊ (सोनीचा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र). टक्क्यांची अट घालायची राहून गेली. आता डिसेंबर उजाडला आणि रोज जेवताना ताटात हाच विषय.

आमच्या घरचा आजवरचा नियम असा: नवीन यंत्र आलं की पहिली दोन वर्षं त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी किंमत उतरली की घ्यायचं. पीएस४, म्हणजे चौथा प्लेस्टेशन, भारतात जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० ला आला, मी तो २०१७ च्या दिवाळीत बऱ्याच कमी पैशांत उचलला. पहिल्या दिवशी रांगेत उभ्या राहिलेल्या मित्राला त्या वर्षी फोन करून चिडवलंही होतं.

पीएस५ च्या वेळी हाच नियम लावून बसलो आणि तोंडघशी पडलो. फेब्रुवारी २०२१ मध्ये डिस्कवाला पीएस५ ४९,९९० चा होता, नोव्हेंबर २०२२ मध्ये तोच ५४,९९० झाला. जुनं झाल्यावर महाग होणारी वस्तू मी तरी सोनं सोडून पाहिली नव्हती.

तर प्रश्न असे. पुढचा कन्सोल कधी येईल? केवढ्याला येईल? आणि या कंपन्या ही वेळ आणि हा आकडा ठरवतात तरी कशावरून? वर्ष-दीड वर्षात नवा येणार असेल तर आता पंचावन्न हजार घालायचे का? सौ. म्हणतात, "थांबा, तोवर त्याची बारावी येईल, म्हणजे नकोच."

अवांतर: नवा प्लेस्टेशन आधी येईल की घोडबंदरची मेट्रो, यावर पैजा घेतल्या जाणार नाहीत.

कोपरीचा_टग्या | रात्री १०:२०

म्हणजे साहेब स्वतः खेळणार. आमच्या तीर्थरूपांनी 'तुझ्या अभ्यासासाठी' म्हणून कॉम्प्युटर आणला होता. तीन वर्षं त्यावर पत्ते लावत बसले.

घोडबंदरकर | रात्री १०:२४

विषयावर या हो.

सानपाडा_लोकल | रात्री ११:४०

विषय आवडता असल्यामुळे लांबण लावणार आहे, आधीच माफी.

वेळ कशी ठरते याचे दोन किस्से सांगतो. पहिला मे १९९५ चा, लॉस एंजेलिसचं ई-थ्री हे व्हिडिओ गेमचं प्रदर्शन. सेगा या जपानी कंपनीचा सॅटर्न हा कन्सोल अमेरिकेत सप्टेंबरमध्ये येणार असं ठरलेलं. प्लेस्टेशनही त्याच महिन्यात येणार होता. त्याच्या आधी बाजार धरावा म्हणून सेगाने स्टेजवरून सांगून टाकलं की सॅटर्न आजपासूनच दुकानात आहे, किंमत ३९९ डॉलर. दुकानात म्हणजे निवडक चार साखळ्यांच्या दुकानात. बाकीचे दुकानदार इतके भडकले की केबी टॉइजने सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. खेळ बनवणाऱ्यांचे खेळ सप्टेंबरच्या हिशेबाने चाललेले, त्यामुळे यंत्र हजर आणि खेळ मोजकेच. त्याच प्रदर्शनात सोनीचे स्टीव्ह रेस बोलायला उठले, "२९९" एवढंच म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. ज्या दिवशी सेगा पुढे पळाली, त्याच दिवशी तिची शर्यत संपली.

दुसरा किस्सा जास्त मजेशीर आहे. सेगाचा ड्रीमकास्ट अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ ला आला, १९९ डॉलरला. चांगलं यंत्र, चांगले खेळ, किंमत माफक. पण सोनीने त्याच वर्षी मार्चमध्ये पीएस२ जगाला दाखवून ठेवला होता. तो अमेरिकेत प्रत्यक्ष यायला ऑक्टोबर २००० उजाडला, तोही २९९ ला. पण त्यात डीव्हीडी चालणार होती, आणि तेव्हा नुसत्या डीव्हीडी प्लेअरलाही चांगले पैसे पडायचे. लोक थांबले. नुसत्या वायद्यावर सोनीने समोरच्याचं गिऱ्हाईक अडवून ठेवलं. २००१ मध्ये सेगाने यंत्रं बनवणं कायमचं सोडलं. पीएस२ सोळा कोटींवर विकला गेला.

आता घोडबंदरकरांनी बघावं की ते स्वतः काय करतायत. न आलेल्या यंत्रासाठी आलेलं यंत्र घेत नाहीयेत. कंपन्या नव्या यंत्राचं नाव काढायला घाबरतात ते यामुळेच. नाव काढलं की स्वतःचाच चालू माल दुकानात पडून राहतो.

नेरूळची_ताई | शनिवार, सकाळी ७:५५

वाचतेय. मला खेळांतलं काही कळत नाही, पण मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि हॉस्टेलवर जाताना टीव्हीच घेऊन गेला, त्यामुळे थोडा अभ्यास करावा लागला. एक शंका. हे लोक यंत्र तोट्यात विकतात असं मुलगा सांगतो. तोट्यात विकायचं तर धंदा कशाला करायचा? आमचा मसाल्यांचा छोटा व्यवसाय आहे, तोट्यात एक पुडी दिली तर रात्री झोप येत नाही.

हिशेबनीस | सकाळी ९:३०

ताई, ठाण्यात लग्नाचे हॉल कसे चालतात ते आठवा. हॉलचं भाडं ऐकून वाटतं, अरे वा, परवडतंय. मग कळतं की केटरर त्यांचाच, डेकोरेशनवाला त्यांचाच, बाहेरचं पाणीसुद्धा चालणार नाही. कन्सोल म्हणजे तो हॉल.

आकडे सांगतो. पीएस३ नोव्हेंबर २००६ मध्ये आला. ६० जीबीच्या मॉडेलची किंमत ५९९ डॉलर होती. आयसप्लाय नावाच्या संस्थेने तो उघडून सुटे भाग मोजले तर बनवायचाच खर्च निघाला सुमारे ८४० डॉलर. म्हणजे एका डब्यामागे २४० डॉलर खिशातून. आणि तरी गिऱ्हाईक म्हणे, महाग आहे! कारण एक वर्ष आधी आलेला मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० होता २९९ आणि ३९९ ला, आणि निन्टेन्डो कंपनीचा वी होता २४९ ला. पुढे सोनी शहाणी झाली. पीएस४ ३९९ ला विकला तेव्हा त्याच संस्थेच्या मते खर्च ३८१ होता. पीएस५ चा ४९९ वाला डबा २०२१ च्या ऑगस्टपर्यंत तोट्यातून बाहेर आल्याचं सोनीनेच सांगितलं. मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लॉरी राइट यांनी तर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात शपथेवर सांगितलं की एक्सबॉक्सच्या यंत्रावर आम्ही कधीच नफा कमावलेला नाही.

मग पैसे येतात कुठून? त्यांच्या ऑनलाइन दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळावर साधारण ३० टक्के कापले जातात. शिवाय मासिक वर्गणी. म्हणून पहिल्या दिवशीची किंमत ठरवताना "बनवायला किती लागले" यापेक्षा "हा माणूस सात वर्षांत आपल्याला किती देईल" हा प्रश्न मोठा असतो.

नेरूळची_ताई | सकाळी ९:४८

हॉलचं पटलं. मग मुद्दा असा की जो माणूस हॉल घेऊन जेवण घरून आणतो, त्याला हॉल स्वस्त द्यायचं काही कारणच नाही.

हिशेबनीस | सकाळी ९:५५

ताई, हे तुम्ही इतक्या सहज म्हणालात, पण आपला देश तोच माणूस आहे. पीएस५ च्या नव्या मोठ्या खेळाची किंमत इथे ४,९९९. माझ्या ओळखीत पूर्ण पैसे देऊन असे खेळ वर्षाला चार घेणारा एकही नाही. नौपाड्यात, वाशीत डिस्क फिरतात. एक डिस्क पाच घरं हिंडते, पाचव्याकडे ओरखडे पडून पोचते. दुसऱ्या हातच्या डिस्कमधून कंपनीला दमडी मिळत नाही. डिस्क नसलेलं मॉडेल स्वस्त ठेवतात ते उगाच नाही, त्यात खेळ फक्त कंपनीच्या ऑनलाइन दुकानातूनच घ्यावे लागतात, म्हणजे जेवण हॉलवाल्याचंच.

न्हावाशेवा | दुपारी १:१५

कंटेनर क्लिअरिंगच्या कामात वीस वर्षं झाली, राहायला उलव्यात. आपल्याकडची किंमत ऐकून जो तो "सोनीने लुटलं" म्हणतो, म्हणून पीएस५ आला तेव्हाचं गणित मांडतो.

बंदरात उतरताना माल १०० रुपयांचा धरा. त्यावर २० टक्के कस्टम ड्युटी. २०१८ च्या बजेटमध्ये ती १० ची २० केली होती. ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे २ रुपये. झाले १२२. त्यावर तेव्हा १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), म्हणजे २१ रुपये ९६ पैसे. एकूण जवळपास १४४. यात गोडाऊन, ट्रक, वितरक, दुकानदार कुणीच अजून आलेला नाही.

आता उलटं करा. ४९,९९० मधून १८ टक्के जीएसटी बाजूला काढला की उरतात साधारण ४२,३६४. तेव्हा डॉलर ७३ च्या आसपास, म्हणजे ४९९ डॉलरचे झाले ३६,४००. अमेरिकेतल्या ४९९ मध्ये तिकडचा राज्याचा विक्रीकर धरलेला नसतो, तेव्हा तुलना बरोबरच आहे. फरक फक्त सहा हजारांच्या आसपासचा आणि त्यात ड्युटीसकट सगळं बसवायचं! म्हणजे सोनीने इथे बऱ्यापैकी पदरचं घातलं होतं.

खरी गंमत एक्सबॉक्सची. १० नोव्हेंबर २०२० ला अमेरिकेबरोबर त्याच दिवशी आपल्याकडे आला, याबद्दल त्यांचं कौतुक. थोरला सिरीज एक्स ४९,९९०, धाकटा सिरीज एस ३४,९९०. अमेरिकेत धाकटा २९९ चा, थोरला ४९९ चा. तिथे धाकटा थोरल्याच्या ६० टक्क्यांत येतो, आपल्याकडे ७० टक्क्यांत. "स्वस्त यंत्र देऊन गरीब घरात शिरायचं" ही त्यांची सगळी चाल, आणि नेमकी आपल्या बाजारात ती बोथट झाली.

सानपाडा_लोकल | दुपारी १:४०

न्हावाशेवा, दंडवत! ६० आणि ७० टक्क्यांचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता.

कोपरीचा_टग्या | दुपारी २:०५

ड्युटी-बिटी ठीक आहे, पण या कंपन्या आपल्याला नेहमी शिळं वाढतात ते का? पीएस३ तिकडे नोव्हेंबर २००६, इकडे एप्रिल २००७. पीएस४ तिकडे नोव्हेंबर, इकडे जानेवारी. पीएस५ तिकडे नोव्हेंबर, इकडे २ फेब्रुवारी. दिवाळी नेमकी चुकवायची म्हणजे मुहूर्त काढून चुकवल्यासारखं वाटतं.

सानपाडा_लोकल | दुपारी २:३०

त्यांची दिवाळी वेगळी आहे ना. अमेरिकेत नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नाताळपर्यंत खेळण्यांचा हंगाम असतो. पहिल्या महिन्यात कारखान्यातून जेवढे डबे निघतात तेवढे तिथेच पुरत नाहीत. भारतात नोव्हेंबरमध्ये माल पाठवायचा तर तो त्या हंगामातून काढून पाठवायला हवा. ते कोण करेल? आपल्या वाट्याला पंगतीचा दुसरा हात.

दिवाळी साधायचा प्रयत्न मायक्रोसॉफ्टने केला होता. एक्सबॉक्स ३६० आपल्याकडे सप्टेंबर २००६ मध्ये आला, जाहिरातीत अक्षयकुमार आणि युवराजसिंग. एक्सबॉक्स वन सप्टेंबर २०१४ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पण फक्त अ‍ॅमेझॉनवर. अमेरिकेत तो आल्यानंतर तब्बल दहा महिन्यांनी! तोवर पीएस४ इथल्या मित्रमंडळींत पसरला होता. कन्सोल एकट्याने कुणी घेत नाही हो, मित्राकडे जो आहे तोच घेतात, म्हणजे डिस्क बदलता येतात आणि ऑनलाइन एकत्र खेळता येतं. त्या दहा महिन्यांपुढे सप्टेंबरचा मुहूर्त काय करणार?

आणि घाईचं फळही मायक्रोसॉफ्टनेच चाखलंय. ३६० त्यांनी सोनीच्या एक वर्ष आधी, नोव्हेंबर २००५ मध्ये बाजारात ढकलला. आघाडी मिळाली. पण यंत्रं तापून बंद पडायला लागली, बटणाभोवती तीन लाल दिवे. जुलै २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरवर पाणी सोडावं लागलं.

खारघर_हिल्स | संध्याकाळी ६:१०

माझा अनुभव. जानेवारी २०२१, पीएस५ ची पूर्वनोंदणी दुपारी बाराला सुरू. ऑफिसची मीटिंग म्यूट करून बसलो होतो. बारा वाजून चार मिनिटांनी एका मोठ्या साइटवर पैसे कापले गेले, ऑर्डर नंबर आला. अर्ध्या तासाने ऑर्डर रद्द. पैसे नऊ दिवसांनी परत. मग मार्चमध्ये वाशी स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने 'आतून' मिळवून दिला, ६८ हजारांना. बिल? "साहेब, बिल हवं असेल तर अजून वर पडतील."

म्हणून माझं मत: छापील किंमत कमी ठेवली की फायदा गिऱ्हाइकाला होतोच असं नाही. माल कमी आणि किंमतही कमी, तर मधला फरक दलाल खातो. माझे १८ हजार सोनीकडे गेले असते तर निदान वॉरंटी तरी मिळाली असती.

हिशेबनीस | संध्याकाळी ६:४५

तुमचा धडा निन्टेन्डोने घेतलेला दिसतो. स्विच २ हा त्यांचा नवा कन्सोल नाताळ सोडून ५ जून २०२५ ला आणला, साठा भरपूर करून. पहिल्या चार दिवसांत जगभर ३५ लाख विकले गेले. आणि किंमतीची युक्ती बघा: अमेरिकेत ४४९.९९ डॉलर, पण जपानात फक्त जपानी भाषेत चालणारं मॉडेल ४९,९८० येनला. बरंच स्वस्त. येन पडलेला, तिथल्या पोराबाळांना परवडावं म्हणून. आणि भाषेचं कुलूप यासाठी की बाहेरच्या व्यापाऱ्यांनी ते पोत्याने उचलून नेऊ नये. सोनीनेही नोव्हेंबरमध्ये तोच कित्ता गिरवला. जपानी भाषेपुरता पीएस५ काढला, ५५,००० येनला.

कोपरीचा_टग्या | संध्याकाळी ७:००

फक्त मराठीत चालणारा पीएस५ काढा म्हणावं, वीस हजारांत. मी दोन घेतो.

नेरूळची_ताई | संध्याकाळी ७:१२

मी मसाल्यासोबत फुकट देईन. :)

सानपाडा_लोकल | संध्याकाळी ७:३०

किंमत चुकली तर दुरुस्त कशी करायची हेही निन्टेन्डोकडूनच शिकावं. हातात धरून खेळायचा ३डीएस मार्च २०११ मध्ये अमेरिकेत २४९.९९ ला आणला, उठाव झाला नाही. ऑगस्टमध्येच सरळ १६९.९९ वर आणला. आधी घेतलेल्यांना वीस जुने खेळ फुकट दिले आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. भारतात मात्र ही कंपनी अधिकृतपणे येतच नाही. आम्ही आपले लॅमिंग्टन रोडला जाऊन घासाघीस करतो.

ऐरोली_नाइटशिफ्ट | रविवार, पहाटे ३:२०

रात्रपाळीत धागा वाचला. सगळे जुन्या गोष्टी सांगतायत, त्या खऱ्या आहेत, पण घोडबंदरकरांचा मूळ प्रश्न "स्वस्त का होत नाही" हा आहे आणि त्याचं उत्तर माझ्या खिडकीतून दिसतंय.

मी महापे-रबाळे पट्ट्यात एका डेटा सेंटरमध्ये कूलिंगच्या देखभालीला आहे. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर रस्ता पाहिला असेल त्यांनी आता येऊन बघावं. जिथे केमिकलचे कारखाने होते तिथे बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहिल्यात. जगभर हेच चाललंय. आणि या इमारतींत जे यंत्र बसतं त्याला मेमरी लागते, पोत्याने.

पूर्वी कन्सोल स्वस्त का व्हायचा? चिप दर दोन-तीन वर्षांनी लहान व्हायची. सिलिकॉनच्या एका चकतीतून जास्त चिपा निघायच्या, वीज कमी, पंखा लहान, डबा लहान, जहाजात जास्त डबे. पीएस३ तीन वर्षांत ५९९ वरून २९९ वर आला तो असा. पीएस४ ही तीन वर्षांत ३९९ चा २९९ झाला. आता चिप लहान होते, पण नव्या तंत्राची चकतीच इतकी महाग झाली आहे की बचत उरत नाही. त्यात मेमरी. पीएस५ आणि सिरीज एक्स, दोन्हींत १६ जीबी आहे. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीन, आणि एआयच्या सर्व्हरसाठी लागणारी मेमरी त्याच कारखान्यांतून निघते, दामदुप्पट नफ्याने. मग घरगुती गिऱ्हाइकाला कोण विचारतो? याच महिन्यात त्या तिघांतल्या मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशल हा किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करणार. माझ्या पीसीत त्याचीच रॅम (मेमरी) आहे.

अमेरिकेतल्या किंमती बघा. पीएस५ ४९९ चा होता, यंदा ऑगस्टमध्ये ५४९.९९ झाला. सिरीज एक्स मे महिन्यात ५९९.९९ आणि ऑक्टोबरमध्ये ६४९.९९. पाच वर्षं जुनं यंत्र, नवं आलं तेव्हापेक्षा दीडशे डॉलरने महाग. तिकडचं आयातशुल्क हे त्याचं कारण आहेच, पण रॅमचा फटका अजून पुरता बसलेला नाही.

म्हणून "थांबलो की स्वस्त मिळेल" हा नियम विसरा. तो एका विशिष्ट काळाचा नियम होता, तो काळ गेला.

घोडबंदरकर | सकाळी १०:०५

ऐरोली, पहाटे तीनला एवढं लिहिलंत, आभार. वाचून पोटात गोळा आला. म्हणजे पुढचा कन्सोल कधी हे सोडाच, आहे तोच महागेल?

ऐरोली_नाइटशिफ्ट | दुपारी ४:३०

(आत्ता उठलो.) किंमतीचं भाकीत मी करत नाही. पण तुम्ही वस्तू स्वस्त होण्याची वाट बघत असाल तर ती व्हायला लागणाऱ्या कारणांपैकी एकही मला समोर दिसत नाही.

हिशेबनीस | संध्याकाळी ५:००

कधी, याचा माझा अंदाज. अंदाजच, कुणी पंचांग समजू नये. प्लेस्टेशनची सालं १९९४, २०००, २००६, २०१३, २०२०. अंतर सहा, सहा, सात, सात. याच पट्टीने पुढचं साल २०२७ येतं, मेमरीची ही अवस्था बघता मी २०२८ म्हणेन. ऑक्टोबरमध्ये सोनीच्या यंत्रांची रचना करणारे मार्क सर्नी चिपा बनवणाऱ्या एएमडीबरोबर करत असलेल्या कामाबद्दल बोलले, तेही "काही वर्षांत" या भाषेत. मायक्रोसॉफ्टनेही जूनमध्ये एएमडीशी करार जाहीर केला. एक्सबॉक्सच्या तेव्हाच्या अध्यक्षा सारा बाँड यांनी पुढचं यंत्र अगदी वरच्या दर्जाचं, उंची असेल असं सांगितलं. 'उंची' या शब्दाचा किंमतीच्या कोष्टकातला अर्थ तुम्हाला माहीत आहे. एक्सबॉक्सचं नाव लावून आलेलं हातातलं यंत्र, अ‍ॅली एक्स, ९९९.९९ डॉलरचं आहे.

माझ्या मते सोनीला यावेळी घाई करायचं कारणच नाही. समोरचा हजार डॉलरच्या दिशेने चाललाय, चालू माल विकला जातोय, आणि सगळे वाट बघतायत त्या जीटीए ६ या खेळाची तारीख तो बनवणाऱ्या कंपनीने १९ नोव्हेंबर २०२६ सांगितली आहे, तोही याच पिढीच्या यंत्रांवर. ज्या खेळासाठी लोक नवीन डबा घेतील तोच जुन्या डब्यावर चालणार असेल तर नवा डबा काढून स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घ्यायचा?

सानपाडा_लोकल | संध्याकाळी ५:२५

सहमत, आणि एक भर. नवा आला तरी जुना लगेच मोडीत निघत नाही. पीएस५ आल्यावर दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेला गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक पीएस४ वरही खेळता येत होता. म्हणजे २०२८ ला नवा आला तरी पोराचा पीएस५ २०३० पर्यंत आरामात चालेल. तोवर तो स्वतः कमावता होईल.

खारघर_हिल्स | संध्याकाळी ५:५०

पीएस५ प्रो, म्हणजे पीएस५ चं जास्त ताकदीचं मॉडेल, त्याचं काय?

न्हावाशेवा | संध्याकाळी ६:००

तो गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जगात आला तेव्हा भारत यादीतच नव्हता. त्यातलं वायफाय ६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरतं आणि तो पट्टा तेव्हा आपल्याकडे खुला नव्हता. म्हणजे किंमत नाही, ड्युटी नाही, स्पेक्ट्रममुळे अडलं. बंदरावर काम करून बरीच कारणं ऐकली होती, हे नवीन होतं. बाहेरून कुणी बॅगेत आणून देत असेल तर वॉरंटीचं आधी विचारा.

नेरूळची_ताई | संध्याकाळी ६:४०

घोडबंदरकर, डिस्कवालाच घ्या. पोरं डिस्क बदलायला एकमेकांकडे जातात, त्या निमित्ताने माणसात तरी येतात. आमच्याकडे बिनडिस्कचा आहे. मुलाचे सगळे मित्र हेडफोनमध्ये राहतात.

घोडबंदरकर | पुढचा शनिवार, दुपारी ३:१५

मंडळी, घेतला. राम मारुती रोडला तीन दुकानं फिरलो. दोघांनी भाव सांगून वर "जानेवारीत काय होईल सांगता येत नाही" असं सुनावलं, तिसऱ्याने छापील किंमतीत एक जादा कंट्रोलर घातला. डिस्कवाला, पक्क्या बिलासकट. ताईंचा शब्द पाळला.

परीक्षा मार्चमध्ये असल्यामुळे डबा सध्या कपाटात, सौ.च्या पैठण्यांमागे. चिरंजीवांना पत्ता नाही.

न्हावाशेवा | दुपारी ३:४०

अभिनंदन. पण वॉरंटी बिलाच्या तारखेपासून वर्षभर. मार्चमध्ये उघडलात आणि काही निघालं तर तीन महिने गेलेले असतील. आत्ताच लावून तपासून घ्या.

घोडबंदरकर | रविवार, सकाळी ८:५०

मुद्दा बिनतोड होता, म्हणून काल रात्री साडेअकराला, चिरंजीव झोपल्यावर, आवाज बंद करून लावला. फक्त तपासायला. डिस्क फिरते, पंखा शांत आहे, दोन्ही कंट्रोलर चालतात.

कोपरीचा_टग्या | सकाळी ९:०२

तपासणी कितव्या लेव्हलपर्यंत आली, साहेब?

घोडबंदरकर | सकाळी ९:२०

चौथ्या. कंट्रोलर दोन असल्यामुळे सौभाग्यवतींनाही तपासायला बसावं लागलं.